ऐकणें आणि ऐकून घेणें

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत झालेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलावे अशी चालकांनीं आम्हांस आज्ञा केली, आणि विषयही त्यांनींच निवडून दिला: नित्याच्या व्यवहारांत दुसऱ्याचें म्हणणें नीट कसें ऐकावें. विषय पाहून प्रथम आम्हांस हंसूं आलें. ऐकण्याविषयीं व्याख्यान देणें म्हणजे एकानें अर्धा तास बोलत राहावयाचें, आणि ज्यांना ही विद्या येते असें त्या अर्ध्या तासांतच सिद्ध होतें त्या सर्वांनीं निमूटपणें बसावयाचें! तथापि विचार करितां हा विषय थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं असें दिसून आलें. बोलावें कसें हें शिकविणारीं पुस्तकें पुष्कळ आहेत. वक्तृत्वाच्या स्पर्धा शाळाशाळांतून होतात आणि त्यांत ढाली व पेले मिळतात. ऐकण्याची स्पर्धा आम्हीं अद्याप कोठें पाहिली नाहीं. ऐकणें हें श्वासोच्छ्वासासारखें आपोआप येतें, तें शिकावयाचें काय, अशीच सर्वांची समजूत आहे. ही समजूत कितपत खरी आहे हें आज थोडें पाहूं.

प्रथम आपल्या भाषेकडेच वळूं. मराठींत ‘ऐकणें’ या एका शब्दास दोन अर्थ आहेत. गाडीची शिटी ऐकली, चर्चची घंटा ऐकली, हा एक. ‘आमचा मुलगा हल्लीं ऐकत नाहीं’ हा दुसरा. या दुसऱ्या वाक्यावरून मुलाच्या कानांस कांहीं झालें आहे असें कोणी समजत नाहीं. तो सांगितलेलें करीत नाहीं एवढाच त्याचा अर्थ. बरें, ‘ऐकून घेणें’ हा शब्द घ्या. किती सुंदर शब्द! एकानें दिलें आणि दुसऱ्यानें ओंजळ पुढें करून घेतलें. परंतु व्यवहारांत तो येतो कसा? ‘मीं कां म्हणून ऐकून घ्यावें?’ ‘सासूचें इतकीं वर्षें ऐकून घेतलें.’ म्हणजे ऐकून घेणें हें अपमान गिळण्याचें दुसरें नांव झालें. उलट ‘त्याला चांगलें ऐकविलें’ असें म्हणतांना आमची मान ताठ होते. कानाचे वाक्प्रचार तर विचारूंच नका. कान भरणें, कान फुंकणें, कानाडोळा करणें, कानामागें टाकणें, कानांवर हात ठेवणें, हलक्या कानाचा असणें. या बिचाऱ्या इंद्रियाच्या वांट्यास चांगलें असें फारच थोडें आलें आहे.

हा केवळ शब्दांचा खेळ आहे असें कोणी समजूं नये. भाषा जसें वळण घेते तसेंच मनही घेतें. डोंबिवलींतील दोन खोल्यांच्या एखाद्या घराचें चित्र डोळ्यांपुढें आणा. बारावी झालेला मुलगा दोन दिवस आईभोंवतीं घुटमळतो, आणि शेवटीं धीर करून बापापुढें येऊन म्हणतो, ‘बाबा, मला इंजिनिअरिंगला जायचं नाहीं.’ त्याचें वाक्य संपतें न संपतें तोंच बाप म्हणतो, ‘मग लोकांचीं मुलं काय मूर्ख आहेत? क्लासची फी भरली ती काय झाडाला लागली होती?’ पांच मिनिटांत घर शांत होतें, आणि प्रश्न मिटला असें बापास वाटतें. मुलगा पुढें काय म्हणणार होता? कदाचित् त्याला गणित झेपत नसेल. कदाचित् क्लासांत कोणी त्याचा छळ करीत असेल. किंवा कदाचित् घरावरच्या कर्जाची गोष्ट रात्रीं भिंतीपलीकडून त्याच्या कानीं पडली असेल, आणि बाबांवर आणखी भार नको एवढेंच त्याच्या मनांत असेल. या तीन कारणांस तीन निरनिराळीं उत्तरें आहेत; आणि बापानें दिलेलें उत्तर तिहींपैकीं एकासही लागूं पडत नाहीं.

बाप दुष्ट आहे काय? मुळींच नाहीं. तो पहांटे उठून याच मुलासाठीं गाडी धरतो. त्याला केवळ एक भीति आहे. आपण स्वस्थ बसून सर्व ऐकलें तर आपण मान्य केलें असें होईल. ऐकलें म्हणजे मानलें. भाषेनें जे दोन अर्थ एका शब्दांत बांधले आहेत, ते त्याच्या मनांतही एकत्र बांधलेले आहेत. आमच्या मतें घराघरांतील अर्ध्या बहिरेपणाचें मूळ येथें आहे. नवरा बायकोचें पुरतें ऐकत नाहीं, कारण पुढें आपला निश्चय ढळेल असें त्यास वाटतें. वरिष्ठ हाताखालच्याचें ऐकत नाहीं, कारण अधिकार कमी होईल अशी शंका येते. सासू सुनेचें ऐकत नाहीं, आणि सून सासूचें ऐकत नाहीं, कारण त्या दोघींस ऐकणें म्हणजे हरणें असेंच वाटतें. वास्तविक ऐकून घेतल्यावरही ‘नाहीं’ म्हणतां येतें. किंबहुना पुरतें ऐकून घेऊन म्हटलेलें ‘नाहीं’ मुलास सोसतें; न ऐकतां म्हटलेलें तें त्यास आयुष्यभर खुपतें.

आमच्या पूर्वजांस हा भेद ठाऊक होता. ‘ऐकावें जनाचें, करावें मनाचें’ ही म्हण कोणास ठाऊक नाहीं? ती बहुधा हट्टी माणसाच्या समर्थनार्थ वापरली जाते. परंतु तिचे दोन भाग नीट पाहा. करणें मनाचें असो. पण आधीं ऐकावें, असें ती सांगते. ऐकणें आणि आज्ञा पाळणें यांची गांठ त्या म्हणीनें केव्हांच सोडविली आहे. आपण दुसरा अर्धा भाग तेवढा उचलला आणि पहिला टाकून दिला.

आतां कोणी म्हणेल, हें सर्व खरें, पण वेळ कोठें आहे? ही तक्रार खोटी नाहीं, आणि आपल्या या भागांत तर मुळींच नाहीं. १८५३ सालच्या १६ एप्रिल रोजीं बोरीबंदराहून निघालेली हिंदुस्थानांतील पहिली उतारूंची गाडी ठाण्यास येऊन थांबली, आणि पुढील वर्षीं लोहमार्ग कल्याणापर्यंत गेला. तेव्हांपासून आपलें जीवन त्या रुळांस बांधलेलें आहे. मुंबईपासून ठाणें सुमारें ३४, डोंबिवली ४८ आणि कल्याण ५४ किलोमीटर; सकाळीं जाणें आणि रात्रीं येणें यांतच कित्येकांचे तीन-चार तास जातात. अशा माणसाचें घरच्यांशीं होणारें बोलणें बहुतेक उंबरठ्यावर होतें. ‘डबा घेतला?’ ‘किल्ली?’ ‘पाण्याचं बिल भरलं का?’ हें बोलणें आवश्यक आहे, त्याशिवाय संसार चालत नाहीं. पण त्यांत कोणी कोणास कांहीं सांगितलें असें होत नाहीं. रात्रीं घरीं आल्यावर जो तास उरतो तो हातांतल्या मोबाइलच्या वांट्यास जातो.

पूर्वीं आजी गोष्ट सांगत असे तेव्हां मुलांनीं मध्यें मध्यें ‘हूं’ म्हणावें असा रिवाज होता. त्यास हुंकारा देणें म्हणत. हुंकारा थांबला कीं गोष्ट थांबली. अंधारांतही, कोणता हुंकारा जागेपणाचा आणि कोणता पेंगुळलेल्याचा हें आजीस बरोबर कळत असे. आजही घरांतून हुंकारे चालू आहेत. मोबाइलवरील दृष्टि न काढतां बाप ‘हूं’ म्हणतो, आई ‘हूं’ म्हणते, आणि शाळेंतली गोष्ट सांगणारें पोर दोन वाक्यांनंतर थांबतें. तेंही आजीप्रमाणेंच हुंकारा ओळखतें.

परंतु वेळाच्या तक्रारीचें खरें उत्तर अनुभवांत आहे, आणि तें वैद्यांनीं मोजून पाहिलें आहे. १९८४ सालीं अमेरिकेंतील हॉवर्ड बेकमन व रिचर्ड फ्रँकेल यांनीं डॉक्टर व रोगी यांच्या ७४ भेटी तपासल्या. डॉक्टरनें ‘काय होतें?’ म्हणून विचारल्यावर रोग्यास आपलें प्रारंभींचें म्हणणें पुरें करूं दिलें गेलें असे प्रसंग शेंकडा २३ निघाले. जेथें डॉक्टर मध्यें बोलले तेथें सरासरी अवघ्या १८ सेकंदांनंतर बोलले. शिवाय असेंही दिसलें कीं, रोगी जी तक्रार प्रथम सांगतो तीच मुख्य असते असा कांहीं नियम नाहीं. आतां, मध्यें न बोललें तर रोगी तासभर बोलत राहील अशी भीति वाटते ना? स्वित्झर्लंडांतील बाझल येथें हीही परीक्षा झाली. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत ३३५ रोग्यांस, स्वतः थांबेपर्यंत, कोणी अडविलें नाहीं. त्यांस सरासरी ९२ सेकंद पुरले, आणि शंभरांतील ७८ जण दोन मिनिटांच्या आंत आपण होऊन थांबले. दोन मिनिटें! कल्याणच्या फलाटावर जलद गाडीची वाट पाहण्यांत याहून कितीतरी अधिक वेळ जातो.

वैद्यकाचा विषय निघाला आहे तर कल्याणच्याच एका मुलीचें स्मरण केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. आनंदीबाई जोशी या १८६५ सालीं जन्मल्या, कल्याणास वाढल्या आणि तेथेंच त्यांचें लग्न झालें. चौदाव्या वर्षीं त्यांना मूल झालें, आणि तें थोड्याच दिवसांत वारलें. १८८३ सालीं परदेशीं जाण्यापूर्वीं बंगालमधील श्रीरामपूर येथें भाषण करून आपण अमेरिकेस कां जातों याचीं कारणें त्यांनीं सांगितलीं. हिंदु स्त्रियांस स्त्रीवैद्यांची किती जरूर आहे, हें त्यांतील एक मुख्य कारण होतें. त्या काळच्या घरंदाज बाईनें आपलें दुखणें परपुरुषापुढें उघडें करावयाचें कसें? दुखणें अंगांत असे, शब्द ओंठांपर्यंत येत, आणि ज्याच्याजवळ बोलावें असा कान नसल्यामुळें ते तेथेंच राहत. आनंदीबाई १८८६ सालीं फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास वारल्या; ज्यांचें ऐकावयाचें त्या स्त्रियांजवळ त्यांना बसतां आलें नाहीं. आज डॉक्टरीण प्रत्येक गल्लींत आहे. तरी आपल्या बायका घरांत आपलें दुखणें अगदीं शेवटीं, आणि तेंही ‘कांहीं नाहीं, जरा पाठ धरली आहे’ अशा शब्दांत सांगतात, हें आपण सर्व जाणतां. त्या ‘कांहीं नाहीं’च्या पुढचें वाक्य येईपर्यंत जो थांबेल त्यासच खरें कळेल.

एका माणसानें एका माणसाचें ऐकण्याची ही गोष्ट झाली. एका समाजानें दुसऱ्या समाजाचें ऐकणें हें याहून अवघड, आणि त्याचाही दाखला आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासांत आहे. उत्तरेकडील डहाणू व उंबरगांव तालुक्यांतील वारली लोक पिढ्यान् पिढ्या जमीनदारांची वेठ करीत होते. सिमिंग्टन नांवाच्या अधिकाऱ्यानें चौकशी करून १९३९ च्या अहवालांत त्यांची दैना सरकारदरबारीं लिहून ठेविली होती. म्हणजे सरकारनें ऐकलें होतें. ऐकून घेतलें नव्हतें. पुढें १९४५ च्या जानेवारींत, येथून जवळच, कल्याण तालुक्यांतील टिटवाळें येथें किसान सभेची परिषद भरली. उंबरगांवकडील कांहीं वारली तेथें आले होते. त्यांपैकीं माह्या धांगडा यानें उभें राहून आपल्या लोकांच्या वेठीची हकीकत सांगितली. सभांतून अशीं भाषणें होतात, टाळ्या पडतात, आणि लोक गाडी धरून घरीं जातात. त्या दिवशीं ऐकणारांत शामराव व गोदावरी परुळेकर हें दांपत्य होतें. तीं दोघें घरीं जाऊन स्वस्थ बसलीं नाहींत. तीं वारल्यांच्या पाड्यांवर गेलीं, त्यांच्या झोंपड्यांतून राहिलीं, आणि त्यांचें बोलणें त्यांच्याच बोलींत समजून घेऊं लागलीं. त्याच वर्षीं २३ मे रोजीं झरी येथें हजारों वारली जमले आणि यापुढें वेठ करावयाची नाहीं असें त्यांनीं ठरविलें. ती सर्व हकीकत गोदावरीबाईंनीं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकांत लिहिली. तें १९७० सालीं प्रसिद्ध झालें आणि १९७२ सालीं त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. परुळेकर दांपत्याचा राजकीय पक्ष कोणता होता हें येथें सर्वांस ठाऊक आहे, आणि त्या पक्षाविषयीं या सभेंत निरनिराळीं मतें असतील. आमचा मुद्दा इतकाच कीं, अहवाल वाचणारे अनेक होते. पाड्यावर जाऊन बसणारे थोडे निघाले.

बोलीचा उल्लेख आला, त्याविषयीं थोडें अधिक बोलणें अवश्य आहे. ठाण्याकल्याणाच्या परिसरांत आगरी, कोळी आणि वारली बोली आहेत. वसईकडून आलेल्या कुटुंबांत सामवेदी आणि वाडवळी आहे. गोव्याची व मंगळूरची कोंकणी आहे. आणि मल्याळी बंधूंची संख्या इतकी वाढली कीं १९८८ सालीं कल्याण हें नांव धारण करणारा सिरो-मलबार धर्मप्रांतच निर्माण झाला. एवढ्या भाषा एका आवारांत नांदतात ही शोभा खरी. परंतु आगरी म्हातारी कांहीं सांगूं लागली कीं शहरी माणसाचें लक्ष तिच्या सांगण्यावर न राहतां तिच्या उच्चारावर जातें, तो ओंठांतल्या ओंठांत हंसतो, आणि तिच्या तें लक्षांत येतें. त्या क्षणीं ती जें सांगणार होती तें गेलें. १५७९ सालीं गोव्यास आलेले इंग्रज जेसुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचें मराठी क्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें. मध्यें ३७ वर्षें गेलीं. इंग्लंडांत जन्मलेल्या माणसास मराठी ओंवी साधली, ती परक्या लोकांच्या अंगणांत कान देऊन बसल्यावांचून खचित साधली नसेल. आपणांस तर शेजारच्या दारापर्यंतच जावयाचें आहे.

आतां ज्याविषयीं बोलणें जड जातें, पण टाळतां येत नाहीं, त्या गोष्टीकडे येतों. कांहीं प्रसंगीं कोणी ऐकणारा असणें आणि नसणें यांत जीवनमरणाचें अंतर असतें. इंग्लंडांत चॅड व्हारा नांवाचे एक तरुण पाद्री होते. १९३५ सालीं त्यांस एका कोंवळ्या मुलीचा अंत्यविधि करावा लागला. वयांत येतांना शरीरांत जो नैसर्गिक बदल होतो, त्यास वाईट रोग समजून तिनें आत्महत्या केली होती. विचारावें असें तिला कोणी नव्हतें. ती गोष्ट त्यांच्या मनांतून गेली नाहीं. १९५३ सालीं त्यांनीं लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्यें, ज्यांना जीव नकोसा झाला आहे त्यांच्यासाठीं एक टेलिफोन ठेविला. लोक फोन करूं लागले, भेटीसही येऊं लागले. त्यांची पाळी येईपर्यंत बाहेरच्या खोलींत कांहीं साधीं माणसें त्यांस चहा देत आणि त्यांच्याजवळ बसत. थोड्याच काळांत व्हारा यांच्या ध्यानांत आलें कीं, पुष्कळ जण बाहेरच्या खोलींतच मन मोकळें करतात आणि मग आंत येण्याची त्यांस गरजच वाटत नाहीं. चहा देणारे कांहीं मानसशास्त्री नव्हते. ते घाई करीत नसत, उपदेश करीत नसत, बसून राहत. व्हारा यांनीं तें काम त्यांच्यावरच सोंपविलें, आणि त्यांतून सॅमॅरिटन्स ही संस्था उभी राहिली.

आपल्या ठाण्यांतही असें काम झालें आहे. डॉ. आनंद नाडकर्णी व त्यांचे सहकारी यांनीं १९९० सालीं इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था येथें काढली, आणि ‘मैत्र’ नांवाची दूरध्वनि-सेवा तयार केलेल्या स्वयंसेवकांकडून चालविली. २०२२ च्या १० ऑक्टोबरापासून सरकारची टेलि-मानस सेवा सुरूं झाली आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती रात्रंदिवस विनामूल्य आहे. हा क्रमांक घरीं लिहून ठेवावा. कोणी ‘मला आतां कंटाळा आला आहे’ असें म्हटलें, आणि त्या कंटाळ्याचा सूर निराळा वाटला, तर ‘असं बोलूं नये, देव आहे’ असें म्हणून त्याचें तोंड बंद करूं नये. देव आहे हें त्यासही ठाऊक असतें. ‘फार जड होतंय का? जीव द्यावासा वाटतो का?’ असें सरळ विचारावें. विचारल्यानें ती कल्पना त्याच्या डोक्यांत शिरत नाहीं. ती आधींच असेल तर बाहेर येते. आणि मग त्यास एकटें न सोडतां जाणत्या माणसाकडे न्यावें.

ऐकलेलें पोटांत ठेवणें हाही या विद्येचाच भाग आहे. कन्फेशनांत ऐकलेलें धर्मगुरूनें कोणासही सांगूं नये, असा निर्बंध १२१५ सालच्या लॅटरन परिषदेनें घातला, तो आजही अभंग आहे. आपणां संसारी लोकांवर असा निर्बंध नाहीं, आणि सोसायटीच्या जिन्यावर त्याचे परिणाम दिसतात. पहिल्या मजल्यावर विश्वासानें सांगितलेलें संध्याकाळपर्यंत चौथ्या मजल्यावर पोंचतें. एकदां असें झालें कीं सांगणारा पुन्हां तोंड उघडत नाहीं.

‘मग आम्हीं नक्की करावें काय?’ असें एका भगिनीनें सभेपूर्वींच आम्हांस विचारलें. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें भांडणाच्या प्रसंगासाठीं एक साधा नियम सांगितला आहे, तो आम्हांस फार व्यवहार्य वाटतो. आपलें म्हणणें मांडण्यापूर्वीं दुसऱ्याचें म्हणणें आपल्या शब्दांत मांडावें, आणि ‘होय, मला हेंच म्हणावयाचें होतें’ असें त्यानें म्हटल्यावरच पुढें बोलावें. बायको म्हणते, ‘तुमच्या आईंनीं आज पुन्हां माझी भाजी बाजूला सारली.’ नवरा लागलीच आईची वकिली करतो, नाहीं तर ‘उद्यां दुसरी भाजी कर’ म्हणून तोडगा काढतो. त्याऐवजीं त्यानें, ‘दिवसभर राबून केलेलं कोणी चाखलंही नाहीं, म्हणून वाईट वाटलं,’ एवढेंच म्हणून पाहावें. यांत आईस दोष नाहीं, बायकोस शरणागति नाहीं, कांहीं कबूल केलेलें नाहीं. शंभरांत नव्वद वेळां भाजीचा खटला तेथेंच निकालांत निघेल, असें आमचें मत आहे. आकडा अंदाजाचा आहे, तो कोणी मोजलेला नाहीं. हा नियम पाळणें दिसतें तितकें सोपें नाहीं. दुसरा बोलत असतां आपण बहुधा ऐकत नसतों, उत्तर जुळवीत असतों. आणि त्याचें म्हणणें पुन्हां सांगावयाचें आहे असें ठरविलें कीं उत्तर जुळविण्यास फुरसतच राहत नाहीं.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो न्याय्य आहे. कांहीं माणसें बोलूं लागलीं कीं थांबतच नाहींत. त्यांचें किती ऐकावें? आमचें उत्तर असें कीं, मर्यादा घालण्यास हरकत नाहीं, ढोंग करण्यास आहे. ‘काका, माझी गाडी वीस मिनिटांनीं आहे, तोंपर्यंत सांगा,’ असें म्हणून ती वीस मिनिटें खरीं द्यावीं. तासभर बसून घड्याळाकडे पाहत राहण्यापेक्षां हें काकांसही अधिक आवडतें. तसेंच निंदेस कान देणें म्हणजे ऐकून घेणें नव्हे. शेजारणीचें दुःख शेजारीण स्वतः सांगेल तर ऐकावें; तिसरीनें आणून दिलें तर तिसरीस चहा द्यावा आणि विषय बदलावा.

शेवटीं घरांतील वृद्धांविषयीं. पुष्कळ घरांत आजोबांस कमी ऐकूं येतें, आणि म्हणून त्यांच्याशीं बोलणेंच बंद होतें. उतारवयांत बहुधा उंच पट्टीचे आवाज प्रथम जातात. स, श, त, फ, क हीं व्यंजनें पुसट होतात आणि स्वर ऐकूं येत राहतात. म्हणून कोणी बोलत आहे हें आजोबांस कळतें, काय बोलत आहे हें कळत नाहीं. ‘सात’ म्हटलें तर ‘हात’ ऐकूं येतें, आणि घरचे हंसतात. ओरडल्यानें कांहीं साधत नाहीं. शब्द अधिकच फाटतो, आणि रागाचा चेहरा मात्र स्पष्ट दिसतो. टीव्ही बंद करावा, त्यांच्या समोर, तोंडावर उजेड पडेल असें बसावें, सावकाश आणि नेहमींच्या आवाजांत बोलावें. एक शब्द समजला नाहीं तर तोच पुन्हां न ओरडतां दुसरा शब्द योजावा. कानाच्या डॉक्टरांस दाखवून श्रवणयंत्र घेतलें तर तें पेटींत न राहतां कानांत राहील इकडे पहिले कांहीं आठवडे लक्ष द्यावें, कारण प्रारंभीं सर्वच आवाज मोठे वाटतात आणि म्हातारीं माणसें तें काढून ठेवतात. आणि आजोबांनीं ‘काय म्हणाली ती?’ असें विचारलें, तर ‘कांहीं नाहीं, जाऊं द्या’ हें उत्तर कधींही देऊं नये. त्यांस बातमी नको असते. घरांत चाललेल्या बोलण्यांत आपणही आहों, एवढें त्यांस कळावयास हवें असतें.

कल्याणकडे जाणाऱ्या मंडळींस गाडीची घाई आहे हें आम्हांस दिसत आहे. म्हणून आम्ही आपली रजा घेतों.